वाढता सूर्य

प्रयागबाईंच्या हातांना संध्याकाळ लागलेली असे. पुढे मी अतिशयोक्ती भरपूर करणार आहे, तेव्हा निदान पहिले वाक्य तरी खरे असावे म्हणून ते आधीच सांगून टाकले. कोपरापाशी पिवडीचा उजेड, मनगटावर शेंदराचा रक्तिमा, बोटांच्या पेरांत निळीची जांभळट सावली आणि नखांच्या कडांना काजळीची गच्च रात्र. असे ते दोन हात चुलीपुढे भाकरी थापायला बसले की परातीतल्या पिठावरसुद्धा पश्चिम दिशा उमटायची. कितीही घासले तरी ते रंग जात नसत. त्यांचे यजमान बाबाराव तक्रारीच्या सुरात, पण आतून बरेचसे फुशारून सांगत, "आमच्या घरी भाकर सकाळी जरी केली, तरी ती दिवस बुडतानाच तव्यावरून उतरती."

मी पालमला भाषेचा मास्तर म्हणून गेलो ते दुष्काळ सरल्यानंतरचे दिवस. बाबारावांच्या फोटो स्टुडिओच्या मागची खोली मला भाड्याने मिळाली होती. स्टुडिओ म्हणजे दोन खणांची जागा, वर पत्रे आणि त्या पत्र्यांत मधोमध बसवलेली एक चौकोनी काच. त्या काचेतून जो उजेड उतरे, तो मी पुन्हा कुठे पाहिला नाही. उन्हाळ्यात बाहेर ऊन माणसाला भट्टीतल्या विटेसारखे भाजत असताना, आत मात्र तो उजेड दुधावरच्या सायीसारखा हळूच पसरे आणि त्याच्याखाली बसलेला तालुक्यातला अट्टल भांडकुदळ माणूसही क्षणभर संत दिसे. तेवढ्या क्षणात बाबाराव कॅमेऱ्यावरच्या काळ्या फडक्यात डोके खुपसून त्याला कायमचा संत करून टाकत.

या उजेडाच्या पलीकडे, भिंतभर, तो पडदा होता.

पडद्याची जन्मकथा माझ्या डोळ्यांदेखत घडली, ती अशी. बाबारावांनी हैदराबादेहून एक विलायती चित्र आणले. तळे, तळ्यामागे बर्फाचे डोंगर, मावळता सूर्य आणि पाण्यात पाय बुडवून उभा एक बारशिंगा. त्यावरून मांजरपाटाच्या पडद्यावर मोठे चित्र करायचे बाबारावांनी मनावर घेतले. कॅमेरा त्यांच्या हातात जितका शहाणा, तितका कुंचला वेडा. त्यांनी काढलेला बारशिंगा मी पाहिलेला आहे. त्याला चार पाय होते हे खरे, पण त्याच्यावर गादी टाकली असती तर पाहुणा निवांत झोपला असता. प्रयागबाई दारात उभ्या राहून बराच वेळ ते बघत होत्या. मग विलायती चित्र हातात घेऊन त्यांनी विचारले, "ह्याच्या शिंगावर ही झाडं कामून उगवलेत?" आणि उत्तराची वाट न पाहता कुंचला नवऱ्याच्या हातून काढून घेतला. तो त्यांनी परत दिलाच नाही.

नागपंचमीला भिंतीवर नाग आणि दिवाळीला उंबऱ्यात पावले काढण्यापलीकडे त्यांचा चित्रकलेशी संबंध नव्हता. पण पुढच्या महिनाभरात स्टुडिओत जे झाले त्याला मी तरी सृष्टीची उत्पत्तीच म्हणेन. गेरू खलला जाई, बाभळीचा डिंक भिजे, शेंदूर तेलाविना कसा घोटावा यावर नवरा-बायकोचे कडाक्याचे वाद झडत. बर्फाचे डोंगर वितळून त्यांचा बालाघाट झाला, उघडाबोडका आणि गेरूच्या रंगाचा. तळे ताणले जाऊन गंगा झाली. आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात, काशीची ती दुसरी. बारशिंगा गेला आणि पाण्याशी काळवीट आले: पाठ काजळीसारखी, पोट चुन्यासारखे, शिंगे पिळदार, त्याच्या मागे बिचकत, अर्धे पाऊल पुढे टाकून थबकलेल्या हरणी. एका बाभळीवर मोर, दूर टेकाडावर एकटा लांडगा, आभाळात करकोच्यांची ओळ. आणि या सगळ्यांच्या मागे, क्षितिजाला टेकलेला, जात्याच्या पाळूएवढा, शेंदराचा सूर्य. तो असा काही होता, की त्याच्यासमोर उभे राहिले की गाल तापत.

आता थोडे पुढचे. त्या पडद्यावरचे गवत खायला पाटलांची शेळी दोनदा आत शिरली. बाजाराच्या दिवशी एक कुत्रे त्या लांडग्यावर इतके भुंकले, की त्याचा घसा बसला आणि पुढे आठवडाभर ते नुसतेच तोंड उघडून मिटत हिंडले. पावसाळ्यात पडद्यावरचा मोर ओरडला, हे मी स्वतः ऐकले. वर्गात मी हे सगळे सांगितले, एसटीच्या थांब्यावर सांगितले, चहाच्या टपरीवर सांगितले, आणि दर वेळी शेळी थोडी थोडी वाढत गेली. लोक हसायचे, मला थापाड्या म्हणायचे, आणि दुसऱ्या दिवशी गवत पाहायला हळूच स्टुडिओत डोकवायचे. प्रयागबाईंना या थापा आवडत असाव्यात. कारण एकदा मी मोराची गोष्ट सांगत असताना त्या शांतपणे म्हणाल्या, "एकदा न्हाई मास्तर, दोनदा वरडला. तुमी दुसऱ्या वक्ताला शाळेत व्हताव."

पण मला खरे कुतूहल मोराचे नव्हते, सूर्याचे होते. बाबारावांचा कॅमेरा काळ्या-पांढऱ्या फोटोंचा. शेंदूर, गेरू, पिवडी, नीळ हे सारे वैभव फोटोत उतरता उतरता राखेच्या छटा होऊन जाई. फोटोतली ती गंगा करडी, तो डोंगर करडा, आणि तो धगधगता सूर्य म्हणजे एक फिकट ताटली. ज्या संध्याकाळचा रंगच फोटोत दिसणार नव्हता, तिच्यावर एवढा रंग का ओतावा? आणि मुळात संध्याकाळच का? सगळे विलायती चित्र तर त्यांनी बदलले होते. झाड ठेवले नाही, जनावर ठेवले नाही, पाणी ठेवले नाही. मग तेवढे मावळणेच का राखले? मी विचारले की त्यांची उत्तरे ऋतूंसारखी बदलत. कधी म्हणत, शेंदूर जास्त झाला होता. कधी म्हणत, हरणी सकाळी झोपेत असत्यात. आणि एकदा नुसतेच माझ्याकडे पाहून पदराने कपाळ पुसले. कपाळाला शेंदूर लागला आणि त्या स्वतःच जराशा मावळल्यासारख्या दिसल्या.

त्यांच्यात एक गंमत होती. त्या चालत तेव्हा मान कधीच खाली नसे. घरातल्या घरात, चुलीपासून माठापर्यंत जातानासुद्धा ताठ, दृष्टी समोर, जणू लांबवरच्या एखाद्या गोष्टीवरून नजर ढळली तर ती गोष्ट नाहीशी होईल. बोलताना मात्र हात सतत हलत. हवेत टेकाड काढत, पाणी काढत, मग तेच हात पुसून टाकत. फोटोला बसलेल्या नवरदेवाला त्या लांबूनच सांगत, "जरा डावीकडं सरका दादा, टोपीतून शिंगं निघायलेत." सगळे हसत. नवरी हसे, आणि बाबाराव तेवढ्यात चाप ओढत. तालुक्यातल्या कित्येक नवऱ्या फोटोत हसताना दिसतात, ते नवऱ्याला शिंगे फुटली होती म्हणून.

मग लगीनसराई आली. दुष्काळात खोळंबलेली लग्ने त्या वर्षी अशी सुटली की बैलगाड्यांना रस्ता पुरेना. स्टुडिओचे वर्षाचे पोट या दोन महिन्यांवर चाले. आणि नेमके तेव्हाच कुणाच्या तरी लक्षात आले की पडद्यावरचा सूर्य मावळता आहे. पहिले वऱ्हाड कुजबुजत परत गेले. दुसरे मोठ्याने बोलत गेले. तिसऱ्याने गंगाखेडचा रस्ता धरला. तिथल्या स्टुडिओत म्हणे बागेचा पडदा होता, कारंज्याचा, आणि त्यात सूर्यच नव्हता, त्यामुळे तो मावळण्याची भीती नव्हती.

बाबारावांनी तीन दिवस वाट पाहिली. चौथ्या दिवशी त्यांनी बादलीभर चुना भिजवला आणि आत कुंचा सोडून बादली पडद्याखाली आणून ठेवली.

"आणखी एक वऱ्हाड माघारी गेलं," ते बायकोकडे न पाहता म्हणाले, "की सूर्यावर चुना. वर गुलाब काढ, कमळ काढ, काय काढायचं ते काढ."

"डोंगरावर कमळ?"

"मंग सकाळ कर. त्योच सूर्य, तीच जागा. उगवायलाय म्हण."

"मला सकाळ येत न्हाई," प्रयागबाई म्हणाल्या.

त्या वाक्यात हट्ट नव्हता, हे मला आजही आठवते. एखादीने 'मला पोहता येत नाही' म्हणावे, तितक्या सरळपणाने त्या बोलल्या होत्या. बाबारावांनी बादली ढवळली. चुन्याचा ओला, थंड वास स्टुडिओभर पसरला, आणि पडद्यावरची हरणे तो वास लागल्यासारखी मला अधिकच बिचकलेली वाटली.

दुसऱ्याच दिवशी झरीचे वऱ्हाड आले. नवरी पालमची, नवरदेव झरीचा, आणि त्या दोघांच्याही पुढे नवरदेवाची आत्या. आत्याबाई म्हणजे काय वर्णावे! त्या दारातून आत आल्या तेव्हा पत्र्यातल्या काचेचा उजेड बाजूला सरकून उभा राहिला. नाकात नथ, कपाळावर रुपयाएवढे कुंकू, हातात हळदी-कुंकवाची कुयरी. त्यांनी पडद्याकडे पाहिले, आणि थांबल्या.

"अगं बाई! ह्यो तर मावळतीचा सूर्य हाय!"

बाबारावांनी बादलीकडे पाहिले. मी तिथेच होतो. गप्प राहणे माझ्या प्रकृतीला मानवत नाही. मी पुढे होऊन गोरज मुहूर्ताचे माहात्म्य सांगायला घेतले. सूर्यास्ताची वेळ, गाईंच्या खुरांची धूळ, तिचे पावित्र्य. साक्षात देवांची लग्ने गोरजावर लागली, असेही एक मी जागच्या जागी ठोकून दिले.

आत्याबाईंनी सगळे ऐकून घेतले. "गुर्जी, आमच्या पोराचंबी लगीन गोरजावरच लागलंय. पर लगीन घटकाभराचं. फोटू जलमभराचा. जलमभर लेकराच्या पाठीमागं दिवस मावळतच ऱ्हावा व्हय?"

  आत्याबाई वळल्या, मागोमाग नवरदेव वळला, नवरीच्या शालूची सळसळ वळली. बाबाराव खाली वाकले आणि त्यांनी बादलीतला कुंचा उचलला. पांढरे थेंब जमिनीवर टपटपले.

"आत्याबाई," आतल्या दारातून प्रयागबाई म्हणाल्या. हात पिठाचे होते. "जाताव तर जावा. पर एक सांगून जावा. हातातली बांगडी फुटली तर तुमी काय म्हणताव?"

"फुटली म्हणू नये बाई. वाढली म्हणावं."

"कुकू सरलं तर?"

"वाढलं."

"नारळ?"

"वाढवायचा आसतो. एवढंबी कळत न्हाई का तुला?"

"सांजच्याला वाणी दुकान मिटतो, तवा?"

"दुकान वाढवलं म्हणत्यात," आत्याबाई आता जरा सावध झाल्या होत्या.

"मंग आत्याबाई, बांगडीला, नारळाला, त्या वाण्याच्या दुकानाला तुमी एवढं जपताव, अन् साक्षात सूर्यनारायणाला तोंडावर मावळला म्हणताव?" प्रयागबाईंनी पिठाचा हात पडद्याकडे केला. "ह्यो मावळायला न्हाई. ह्यो वाढायलाय."

माझ्या थापेतला मोर त्या क्षणी ओरडला असता तर मलाही खरे वाटले असते. आत्याबाई सूर्याकडे बघत राहिल्या, मग प्रयागबाईंकडे, मग पुन्हा सूर्याकडे. आणि एकाएकी त्यांचे ते प्रचंड शरीर हसू लागले, नथीपासून जोडव्यांपर्यंत.

"लय पोचलेली हायस गं तू! कुण्या गावची?"

"पेडगावची."

"तरीच! त्या गावच्या लेकी बोलण्यात हरायच्या न्हाईत." आणि मग त्यांनी ते केले जे आम्हां कुणाच्याही ध्यानीमनी नव्हते. कुयरी उघडली, चिमूटभर कुंकू घेतले, आणि चवड्यांवर उभे राहून त्या शेंदराच्या सूर्याला बोट लावले. "वाढतोय तर कुकू न लावता कसा वाढंल? ये रं, उभा ऱ्हा. सूनबाई, तू बी ये. अन् त्या शिंगांपासून लांब उभा ऱ्हा, गाढवा!"

त्या सराईत पुढे जे घडले ते सांगताना मला अतिशयोक्तीला जागाच उरत नाही. पालम, गंगाखेड, पार लोह्यापर्यंत 'वाढत्या सूर्याम्होरचा फोटू' हा लग्नाचा एक विधीच होऊन बसला. येणारी प्रत्येक सुवासिनी सूर्याला कुंकू लावी. सूर्याच्या मध्यभागी एक गडद ठिपका दाट होत गेला, आणि फोटोतल्या त्या फिकट ताटलीला जणू डोळा फुटला. बाबारावांनी बादलीतला चुना मागच्या भिंतीला देऊन टाकला. माझी खोली अनेक वर्षांत पहिल्यांदा पांढरी झाली.

सराई ओसरल्यावर एका दुपारी मी पुन्हा विचारले. त्या कोरड्या पडलेल्या रंगांच्या वाट्या खरवडत होत्या. या वेळी उत्तर टाळले नाही.

"पेडगावला आमचं शिवार गावाच्या उगवतीला," त्या म्हणाल्या. "सकाळी जाताना तोंडावर दिवस यायचा, पर नजर पायाखाली. काटंकुटं, इचू, चिखुल. सकाळ कशी आसती, मला काय ठावं? येताना मात्र डोक्यावर भारा. भारा आसला की मान खाली घालता येत न्हाई, मास्तर. वळवताबी येत न्हाई. म्होरं जे आसंल तेच बघायचं. म्होरं दिवस बुडायचा अन् हरणं उभी ऱ्हायची. एवढंच बघितलंय मी. दुसरं काई बघाया सवडच न्हवती."

आणि हाताने हवेत एक चुंबळ ठेवून, तिच्यावर अदृश्य भारा सावरून त्या थोड्या हसल्या. त्यांची ती ताठ मान मला तेव्हा उलगडली. ज्या बाईने आयुष्यातला सारा निसर्ग ओझ्याखालून, केवळ मान वळवता येत नाही म्हणून पाहिला होता, तिने त्या सक्तीचेच सौंदर्य केले होते. आणि आम्ही शहाणे निवांत मान वळवू शकत होतो म्हणून कुठेच पाहत नव्हतो.

मला वाटले, कोडे सुटले. पुढे माझी बदली झाली. पालम सुटले. प्रयागबाई गेल्या, हे मला तिकडच्या एका कंडक्टरने तिकिटाला टोचा मारता मारता सांगितले. कसल्याशा तापाने गेल्या म्हणे. मी पुढच्या थांब्यावर उतरलो, माझे गाव अजून लांब होते तरी.

त्यानंतर काही वर्षांनी एका कामानिमित्त पेडगावला जाणे झाले. काम आटोपून दिवस कलताना मी गावाच्या उगवतीला निघालो. ती संध्याकाळ मला प्रत्यक्ष पाहायची होती. मी भाषेचा मास्तर, भूगोल माझ्याकडे कधीच नव्हता. शिवारात पोचलो, गावाकडे तोंड केले, आणि पाहतच राहिलो. नजर जाईल तिथवर सपाट काळी जमीन. डोंगर नाही, बालाघाटाचा मागमूस नाही. आणि गंगा? एका आजोबांना विचारले तर ते माझ्याकडे दयेने बघत म्हणाले, "गंगा हितं कुठली बाप्पा? ती तिकडं, पालमच्या अंगाला."

हरणे मात्र होती. हरभऱ्याच्या कडेला, सूर्याच्या रेषेत, मान वर करून उभी. तेच काळवीट, काजळीच्या पाठीचे. त्याच हरणी, अर्धे पाऊल उचललेल्या. फक्त त्यांच्या पुढे पाणी नव्हते.

मी जन्मभर शेळ्या, कुत्री आणि मोर यांच्या थापा मारल्या, पण एवढी मोठी, एवढी देखणी थाप मला कधीच साधली नाही. माहेरचा कळप त्या बाईने कोसच्या कोस चालवत नेला होता आणि सासरच्या गंगेवर पाण्याला उभा केला होता. सणाला लेकीला न्यायला माहेरहून मुराळी यावा, तशी ती हरणे तिच्या दारी आली होती. आणि तिने ती परत जाऊ दिली नव्हती. म्हणून तो सूर्य तिला बदलता येत नव्हता. तो पुसला असता तर हरणांना उभे राहायची वेळच उरली नसती.

शिवारातून बायका परतत होत्या. डोक्यावर कडब्याचे भारे, माना ताठ, दृष्टी समोर. त्यांतल्या एकीने मला पाहिले की माझ्यामागचे काही पाहिले, कोण जाणे. मी बांधावर सरकून वाट दिली. माहेरची हरणे आणि सासरचे पाणी एकत्र आणणारी जी संध्याकाळ जगातल्या कोणत्याच गावी कधी झाली नाही, तिच्यापुढे उभे राहून एका अख्ख्या तालुक्याने आपले संसार मांडले. आणि घडलेल्या कित्येक संध्याकाळी विरून गेल्यावर मला वाटते, काळाचा हात पोचतो तो फक्त घडलेल्यापर्यंत. कुणीतरी जे कुठेच नसलेल्या ठिकाणी जिवाने जुळवून ठेवलेले असते, ते पुसायला त्याला जागाच सापडत नसावी.